वाळू, खत आणि पिण्याचे पाणी : तिरुवैयारु परिसरापासून घ्यावयाचा धडा

प्रस्तावना

गावाला पिण्याचे पाणी पुरविणे हे ग्रामपंचायतीचे काम असून शेतीशी त्याचा फारसा संबंध नाही, असा समज आपल्या विस्तार कार्यात रूढ झालेला आहे. कृषी सहायक शेतकऱ्यांशी बियाणे, खत, कीड-रोग व बाजारभाव यांविषयी बोलतो, तर विहिरीत टीसीएल टाकण्याचे काम जलसुरक्षकाकडे असते. दोघांच्या नोंदवह्या वेगळ्या आणि बैठकाही वेगळ्या असतात. परंतु शेतात दिलेले खत आणि गावाच्या विहिरीतील पाणी यांची भेट जमिनीखाली होतच असते, आणि ती कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

प्रस्तुत लेखात हा संबंध तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु परिसराच्या आधारे समजावून घ्यावयाचा आहे. मराठी वाचकाला हे नाव अपरिचित नाही. संत त्यागराजांची समाधी येथे कावेरीच्या तीरावर आहे. व्यंकोजीराजांपासून १७९९ पर्यंत या प्रदेशावर तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते. आपल्या दृष्टीने मात्र तिरुवैयारुचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. तेथे सघन शेती आणि सार्वजनिक पाणीपुरवठा या दोहोंचा आधार नदीकाठची एकच वाळू आहे. कृष्णा, गोदावरी, भीमा किंवा तापी यांच्या काठच्या आणि कालव्याखालच्या आपल्या गावांची स्थिती याहून फार वेगळी नाही.

पाच नद्यांचे गाव

'तिरु', 'ऐ' आणि 'आरु' या तीन तमिळ शब्दांचा अर्थ अनुक्रमे पवित्र, पाच आणि नदी असा होतो. तंजावरहून उत्तरेकडे तिरुवैयारुला जाताना सुमारे बारा किलोमीटरच्या अंतरात वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी असे पाच प्रवाह ओलांडावे लागतात. गावाच्या आणखी उत्तरेस थोड्या अंतरावर कोळ्ळिडम् ही कावेरीची मोठी शाखा वाहते. ही शाखा तिरुचिरापल्लीच्या पश्चिमेस मुक्कोंबु येथे मूळ प्रवाहापासून वेगळी होते. पुराचे जादा पाणी समुद्राकडे वाहून नेणे हे तिचे मुख्य कार्य. मुक्कोंबु येथील बंधारा सर आर्थर कॉटन यांनी १८३६ मध्ये बांधला. त्याच्या खालच्या बाजूस कल्लणै हा प्राचीन बंधारा आहे. त्याचे श्रेय परंपरेने करिकाल चोळाला दिले जाते. तेथून कावेरी व वेण्णारु यांचे पाणी त्रिभुज प्रदेशातील कालव्यांत विभागले जाते.

या प्रदेशाचे शेतीवर्ष १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाच्या दरवाजांशी बांधलेले आहे. धरणात पुरेसा साठा असल्यास १२ जून रोजी पाणी सोडण्याचा आणि २८ जानेवारी रोजी ते बंद करण्याचा प्रघात आहे. जूनमध्ये अल्प मुदतीचे कुरुवै भात, त्यानंतर सांबा व ताळडी हे भाताचे हंगाम, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मान्सूनचा पाऊस असा क्रम असतो. तिरुवैयारुच्या पोयट्याच्या जमिनीत भाताबरोबर केळी, ऊस आणि पानवेल ही पिकेही मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. पाणी वेळेवर न सुटल्यास कुरुवैची लागवड उथळ नलिकाविहिरींवर केली जाते. तेथे त्यांना 'फिल्टर पॉइंट' म्हणतात. वाळूच्या थरात जाळीचा पाइप उतरवून हे पाणी उपसले जाते.

फेब्रुवारी ते जून या काळात नदीचे पात्र वरून कोरडे दिसते, पण वाळूच्या आत पाणी असते. उन्हाळ्यात आपल्याकडे नदीपात्रात झिरे काढून हंडे भरले जात, तशीच रीत तेथेही होती. आजच्या सार्वजनिक योजनांमागे हेच तत्त्व आहे. कोळ्ळिडम् च्या पात्रात खोल विहिरी घेतात, त्यांच्या तळाशी आडवे जाळीदार पाइप वाळूत पसरतात आणि झिरपून आलेले पाणी पंपाने उंच टाक्यांत चढवितात. १९७१ पासून कार्यरत असलेल्या तमिळनाडू जलपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने अशा संयुक्त योजनांद्वारे या नदीचे पाणी दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत नेले आहे. समुद्राकाठच्या वेदारण्यम् परिसरात भूजल खारे असल्याने तेथील लोकही कोळ्ळिडम् चेच पाणी पितात. म्हणजे उगमाजवळ जे घडते, त्याचा परिणाम ज्यांनी ती नदी पाहिलेलीही नाही अशा कुटुंबांवर होतो.

वाळू काय करते आणि काय करू शकत नाही

वाळूचा थर दोन कामे करतो. पहिले काम साठवणीचे. एक हेक्टर पात्रात वाळूचा एक मीटर जाडीचा थर असेल, तर त्याचे आकारमान १०,००० घनमीटर होते. त्यातून उपसता येण्याजोगे पाणी २० टक्के धरले, तर ते २,००० घनमीटर, म्हणजे २० लाख लिटर भरते. जल जीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटर या निकषाने १,००० लोकवस्तीच्या गावाला हे पाणी सुमारे ३६ दिवस पुरते. एक मीटर वाळू उचलून नेली, की गावाची तेवढी टाकी नाहीशी होते. तिचा लिलाव किती रुपयांना झाला याची नोंद राहते, गेलेल्या पाण्याची राहत नाही.

दुसरे काम गाळणीचे. पाणी वाळूतून संथपणे झिरपताना गढूळपणा अडतो. जिवाणूंपैकी बरेच कणांना चिकटतात किंवा वाटेतच मरतात. हे काम थराच्या जाडीवर आणि पाण्याला आत राहण्यास मिळणाऱ्या काळावर अवलंबून असते. थर पातळ झाला, किंवा विहिरीच्या अगदी जवळ खड्डा पडून त्यात पाणी साचले, तर हा काळ कमी होतो आणि गाळणी अर्धवट राहते.

मात्र पाण्यात विरघळलेले क्षार वाळूला अडविता येत नाहीत. मीठ, फ्लोराइड आणि नायट्रेट वाळूतून सहज पार होतात. झिऱ्याचे पाणी काचेसारखे नितळ दिसते व चवीलाही गोड लागते, म्हणून ते सुरक्षित मानले जाते. नितळपणा ही गाळणीची खूण आहे, शुद्धतेची नव्हे. शेतीचा आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न येथेच एकमेकांना भिडतो.

नत्राचा हिशेब

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० : २०१२ नुसार नायट्रेटची कमाल मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइडसाठी १.० ही स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही अनुज्ञेय मर्यादा दिलेली आहे. नायट्रेटच्या बाबतीत अशी कोणतीही सवलत नाही.

याचे कारण तान्ह्या मुलांशी निगडित आहे. सहा महिन्यांखालील ज्या बाळाला वरचे दूध किंवा भुकटीचे दूध पाण्यात कालवून दिले जाते, त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होऊ शकते. ते रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. बाळाचे ओठ व नखे निळसर दिसू लागतात. वेळीच उपचार न झाल्यास जीव धोक्यात येतो. काळजी घेणारी आई पाणी उकळून देते. उकळण्याने जिवाणू मरतात, पण वाफ होऊन पाणी आटल्यामुळे नायट्रेटचे प्रमाण उलट किंचित वाढते. क्लोरीनचाही नायट्रेटवर उपयोग होत नाही. साध्या मेणबत्ती फिल्टरनेही ते निघत नाही. म्हणजेच घरात केलेली सर्व काळजी येथे अपुरी पडते. नायट्रेट पाण्यात जाऊच नये, हाच सामान्य गावाच्या आवाक्यातला उपाय उरतो.

आता शेताचा हिशेब पाहू. एक किलो नत्र नायट्रेटच्या रूपात गेल्यास त्याचे सुमारे ४.४३ किलो नायट्रेट होते. ते पूर्णपणे शुद्ध पाण्यात मिसळले, तर सुमारे एक लाख लिटर पाणी ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत पोहोचते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. त्यातील केवळ दहावा भाग भूजलात झिरपला, तरी दोन लाख लिटर पाणी मर्यादेला टेकते. ५०० लोकवस्तीच्या वाडीचे हे सुमारे सात दिवसांचे पाणी आहे. प्रत्यक्षात काही नत्र वाटेत वायुरूप होऊन निघून जाते, काही मुळांना मिळते आणि भूजलाचा साठाही मोठा असतो. त्यामुळे हा आकडा भाकीत म्हणून वापरू नये. एका गोणीचा पल्ला किती आहे, हे समजण्यापुरताच तो उपयोगी आहे.

सर्व पिकांत ही गळती सारखी नसते, आणि तिरुवैयारुची पीकरचना हे चांगले दाखवून देते. चिखलणी करून पाणी उभे ठेवलेल्या भाताच्या खाचरात प्राणवायू कमी असल्याने नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपात राहते व मातीच्या कणांना धरून राहते. तयार झालेल्या नायट्रेटपैकी बराच भाग वायुरूप नत्र होऊन उडून जातो. चिखलणीने तळाशी तयार झालेला घट्ट थरही झिरपण्याला आळा घालतो. केळी, ऊस, पानवेल व भाजीपाला यांच्या जमिनीत मात्र हवा खेळती असते. तेथे युरियाचे काही दिवसांतच नायट्रेट होते, आणि पाठोपाठ मोकाट पाणी दिल्यास ते मुळांच्या कक्षेखाली उतरते. जमीन रेताड असेल तर हे अधिक वेगाने घडते. भाताच्या खाचरात पाणी आळीपाळीने भरण्या-सुकविण्याची पद्धत पाण्याची बचत करते, पण सुकलेल्या अवस्थेत नायट्रेट तयार होते हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणून अशा शेतात युरियाचा हप्ता पुन्हा पाणी भरण्याच्या अगदी आधी देणे योग्य ठरते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. विहिरीतील नायट्रेटचा सर्व दोष रासायनिक खतावर टाकणे शास्त्रीय नाही. विहिरीच्या काठावरचा उकिरडा, गोठ्यातील मूत्राचे डबके, शौचालयाचा शोषखड्डा आणि उघड्यावर टाकलेले कोंबडीखत यांतूनही नायट्रेट झिरपते. गावठाणातील विहिरीत अनेकदा यांचाच वाटा मोठा असतो. सेंद्रिय खत असल्याने नत्र पाण्यात जात नाही, असे समजू नये.

टाकीपासून नळापर्यंत

उगमाचे पाणी चांगले असूनही घरात दूषित पाणी येऊ शकते. त्रिभुज प्रदेशात पावसाळ्यात भूजलाची पातळी जमिनीलगत येते आणि गटार व कालव्याच्या कडेने टाकलेले पाइप पाण्याखाली राहतात. पुरवठा दिवसातून काही तासच होत असेल, तर पंप बंद होताच पाइपातील दाब नाहीसा होतो आणि सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. नळ सुरू होताच येणारे पहिले गढूळ पाणी बहुधा हेच असते. आपल्याकडे एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांतही असेच घडते.

याच कारणाने शेतकऱ्याची एक सवय विशेष घातक ठरते. फवारणी पंप किंवा औषधाचे पिंप भरताना नळाची नळी आत बुडवून ठेवली जाते. त्या क्षणी वीज गेली किंवा पुरवठा बंद झाला, तर पिंपातील कीटकनाशकमिश्रित पाणी नळीवाटे मागे खेचले जाऊन सार्वजनिक वाहिनीत शिरू शकते. नळीचे तोंड पिंपाच्या काठापासून किमान वीतभर वर ठेवावे. त्याहून चांगले म्हणजे पाणी बादलीने आणून ओतावे. ठिबकच्या खतटाकीला जोडलेल्या पंपावर मागे न परतू देणारी झडप असलीच पाहिजे.

हातपंपांचीही स्वतंत्र काळजी घ्यावी लागते. देशभर पसरलेला 'इंडिया मार्क-२' हा हातपंप सोलापूरला विकसित झालेल्या पंपाच्या रचनेवरून १९७० च्या दशकात तयार झाला. त्याच्या चाचण्या तमिळनाडूत कोइम्बतूर परिसरात झाल्या. म्हणजे महाराष्ट्र आणि तमिळनाडू यांच्या अनुभवातून देशाला मिळालेले हे साधन आहे. त्याचा ओटा फुटलेला असेल किंवा सांडपाणी भोवती साचत असेल, तर तेच पाणी केसिंगच्या कडेने पुन्हा खाली उतरते. ओटा अखंड ठेवावा आणि सांडपाण्याची नाली दूर नेऊन परसबागेतील केळीला किंवा शोषखड्ड्याला जोडावी. शौचालयाचा खड्डा, उकिरडा व गोठा पिण्याच्या स्रोतापासून किमान १५ मीटर दूर असावेत. रेताड जमिनीत आणि भूजल उथळ असल्यास हे अंतर शक्य तितके वाढवावे.

क्लोरिनेशन : मात्रेचे गणित

जिवाणूंपासून संरक्षणासाठी ग्रामीण भागात ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, हे स्वस्त आणि खात्रीचे साधन आहे. अडचण बहुधा दोन ठिकाणी येते : मात्रा अंदाजाने टाकली जाते आणि पावडर जुनी झालेली असते. ताज्या टीसीएलमध्ये उपलब्ध क्लोरीन सुमारे ३३ टक्के असते. ओल, ऊन व उघडी गोणी यांमुळे ते झपाट्याने घटते. मात्रा पुढील सूत्राने काढावी.

टीसीएल (ग्रॅम) = पाणी (लिटर) × क्लोरीनची मात्रा (मिलिग्रॅम प्रति लिटर) ÷ (उपलब्ध क्लोरीनचे टक्के × १०)

उदाहरण १. उंच टाकीत ५०,००० लिटर पाणी आहे आणि मात्रा २ मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवावयाची आहे. ३३ टक्के पावडर असल्यास सुमारे ३०३ ग्रॅम लागेल. तीच पावडर २० टक्क्यांवर आली असल्यास ५०० ग्रॅम लागेल.

उदाहरण २. विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर आहे. पाण्याचे आकारमान = ३.१४ × ४ × ४ ÷ ४ × ३ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर. २ मिलिग्रॅमच्या मात्रेसाठी ३३ टक्के पावडर सुमारे २२८ ग्रॅम, तर २० टक्के पावडर सुमारे ३७७ ग्रॅम लागेल.

दोन मिलिग्रॅम ही येथे उदाहरणादाखल घेतलेली मात्रा आहे. पाण्यातील सेंद्रिय घाणीनुसार ती कमी-अधिक करावी लागते. ती बरोबर होती की नाही, हे नळावरचे उर्वरित क्लोरीन सांगते. पावडर कोरडी टाकू नये. प्लास्टिकच्या बादलीत तिची लापशी करून पाणी मिसळावे, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ तेवढे टाकीत किंवा विहिरीत ओतावे. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी वापरू नये. पाणी गढूळ असल्यास आधी तुरटीने निवळून घ्यावे, कारण गाळाच्या कणांत दडलेल्या जिवाणूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही.

शेवटच्या घरातील नळावर मोकळे उर्वरित क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मिळाले पाहिजे. साथीचा किंवा विषाणूंचा धोका असल्यास ते ०.५ पर्यंत ठेवावे. चाचणी टाकीजवळ घेऊन समाधान मानू नये. टाकीजवळचे घर आणि वाहिनीच्या टोकाचे घर अशा दोन्ही ठिकाणी ती घ्यावी. टोकाची वस्ती बहुधा गावातील सर्वांत दुर्बळ कुटुंबांची असते, आणि क्लोरीनही तेथेच सर्वांत कमी पोहोचते.

साठवणीबाबत एक इशारा. टीसीएलची गोणी खतांच्या किंवा कीटकनाशकांच्या खोलीत ठेवू नये. अमोनियायुक्त खतांशी संयोग झाल्यास विषारी वायू निर्माण होतात. पावडर कोरड्या, अंधाऱ्या व हवेशीर जागी, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पिंपात ठेवावी आणि पिंपावर खरेदीची तारीख लिहावी.

तपासणी केव्हा व कोणती

तिरुवैयारु परिसराचे पाणीवर्ष पाहिले असता धोक्याचे तीन काळ दिसतात. पहिला, उन्हाळ्याच्या अखेरीस, जेव्हा साठा घटून विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण वाढते. दुसरा, कालव्यात पहिले पाणी सुटते तेव्हा, कारण ते कोरड्या पात्रात महिनोन्महिने साचलेली घाण बरोबर आणते. तिसरा, मुख्य पावसाळ्यात, जेव्हा पुराचे पाणी विहिरी व पाइपांपर्यंत येते. महाराष्ट्रात दुसरा व तिसरा काळ बहुधा जून-जुलैत एकत्र येतात. कालव्याखालील गावांत मात्र प्रत्येक आवर्तनाच्या सुरुवातीला पहिल्या पाण्याचा धोका पुन्हा उद्भवतो.

यानुसार तपासण्यांची विभागणी अशी करावी.

१. उर्वरित क्लोरीन : दररोज, क्लोरोस्कोपने किंवा संचातील गोळीने.

२. जिवाणू : पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात व पुरानंतर. हायड्रोजन सल्फाइड बाटलीतील पाणी उबदार जागी ठेवल्यावर २४ ते ४८ तासांत काळे पडले, तर विष्ठाजन्य प्रदूषणाचा संशय धरून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय आढळता कामा नये.

३. नायट्रेट, फ्लोराइड, एकूण विरघळलेले क्षार : उन्हाळ्याअखेर व पावसाळ्यानंतर. ज्या विहिरींभोवती ऊस, केळी किंवा भाजीपाला आहे, तेथे नायट्रेटची चाचणी कधीही वगळू नये.

महाराष्ट्रात पिण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. जल जीवन मिशनखाली प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या महिलांपैकी बहुतेक शेतकरी कुटुंबांतील असतात. त्यांची नायट्रेटची नोंदवही आणि कृषी सहायकाचा मृदा आरोग्य पत्रिकेचा तक्ता एकाच टेबलावर ठेवून पाहिल्यास कोणत्या शिवारात खताची मात्रा तपासावयाची, हे सहज कळू शकते.

शेतावर करावयाचे उपाय

• पिण्याच्या स्रोताभोवतीचे क्षेत्र ग्रामसभेत नकाशावर आखून घ्यावे. महाराष्ट्रात सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यावर १९९३ च्या भूजल अधिनियमापासून निर्बंध आहेत. तोच परिघ खत-व्यवस्थापनासाठी विशेष दक्षतेचा मानणे सोयीचे होईल.

• या क्षेत्रात नत्राची मात्रा माती परीक्षणानुसार ठरवावी व अधिक हप्त्यांत विभागून द्यावी. भातात पर्णरंग तक्त्याचा वापर करून पिकाला गरज असेल तेव्हाच हप्ता द्यावा.

• युरिया दिल्यानंतर लगेच मोकाट पाणी देऊ नये. केळी व उसात ठिबकद्वारे थोडे थोडे खत देणे पिकाला व विहिरीला दोघांनाही हितकारक ठरते. मोठ्या पावसाचा अंदाज असल्यास हप्ता पुढे ढकलावा.

• निंबोळी-आवेष्टित युरियामुळे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते. मात्र त्यामुळे जादा मात्रेला मुभा मिळत नाही.

• हंगामानंतर जमीन उघडी ठेवू नये. उरलेले नत्र ताग, धैंचा किंवा चाऱ्याच्या पिकाने उचलून घ्यावे.

• उकिरड्याऐवजी पक्क्या तळाचा खतखड्डा वापरावा व पावसाळ्यात तो झाकावा. गोमूत्राचा हौद गळत नाही ना, हे पाहावे.

• विहीर, हातपंप किंवा नदीघाटावर फवारणी पंप धुऊ नयेत. धुण्याचे पाणी फवारलेल्या शेतातच टाकावे.

• स्रोताच्या वरच्या व खालच्या बाजूस वाळू उपसली जात असल्यास ग्रामसभेने लेखी हरकत नोंदवावी. हरकतीसोबत वर दाखविल्याप्रमाणे घटणाऱ्या साठ्याचा हिशेब जोडावा. आकड्यांसह केलेली हरकत दुर्लक्षिणे अधिक कठीण असते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : एका दिवसाचा गावपाठ

तमिळनाडूच्या जलपुरवठा मंडळातील अभियंत्यांनी २००४ च्या सुमारास कामाची पद्धत बदलण्यासाठी 'कूडम्' या पारंपरिक कल्पनेचा आधार घेतला. कूडम् म्हणजे सर्वांनी एकत्र बसण्याची जागा. पद आणि उतरंड बाजूला ठेवून अभियंते व गावकरी तेथे बरोबरीने बोलत. योजना उभी राहते पण टिकत नाही, याची कारणे अशा बसण्यातूनच पुढे येतात. आपल्या चावडीवर किंवा देवळाच्या ओसरीवर असा पाठ घेता येईल.

सकाळी पंधरा-वीस जणांसह स्रोतापासून शेवटच्या नळापर्यंत शिवारफेरी काढावी. त्यात सरपंच, जलसुरक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, स्रोतालगतचे शेतकरी आणि टोकाच्या वस्तीतील महिला असाव्यात. फेरीत पाच गोष्टी नोंदवाव्यात : स्रोतापासून उकिरडा, गोठा व शौचालय यांची अंतरे, १०० मीटरच्या आतील पिके व त्यांना दिलेल्या युरियाच्या गोण्या, गळके सांधे, टीसीएलच्या पिंपावरील तारीख, आणि शेवटच्या नळावरील उर्वरित क्लोरीन. दुपारी सर्वांसमोर नायट्रेटची चाचणी करावी. रंग उमटताना लोकांनी स्वतः पाहणे हे दहा भाषणांपेक्षा परिणामकारक असते. शेवटी प्रत्येक दोषासमोर एक नाव व एक तारीख लिहावी, आणि पुढील ग्रामसभेत तीच यादी वाचून दाखवावी.

चर्चेत स्रोतालगतच्या शेतकऱ्याला आरोपीसारखे उभे करू नये. त्याचेच मूल ते पाणी पिते. जादा युरियावर खर्च झालेले त्याचे पैसेही त्याच पाण्याबरोबर खाली गेलेले असतात. त्याच्या हिताची आणि गावाच्या हिताची बाजू एकच आहे, हे आकड्यांनी दाखवून द्यावे. अंगणवाडी सेविकेकडून सहा महिन्यांखालील बाळांची यादी घ्यावी. नायट्रेट मर्यादेबाहेर आढळल्यास या घरांना त्याच दिवशी दुसऱ्या तपासलेल्या स्रोताचे पाणी मिळेल, अशी व्यवस्था करावी. दूध कालविण्यासाठी नायट्रेट मर्यादेबाहेर असलेले पाणी उकळूनही वापरू नये, हेही त्यांना स्पष्ट सांगावे. आईचे दूध पिणाऱ्या बाळाला या धोक्यापासून मोठे संरक्षण मिळते.

समारोप

तिरुवैयारुच्या काठी पाच प्रवाह असूनही तेथील पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता वाळूचा थर, शेतातील नत्र आणि वाहिनीच्या टोकाचे क्लोरीन यांवर अवलंबून आहे. आपल्या गावांत नदी एकच असेल, किंवा नसेलही. पण या तीन गोष्टी सर्वत्र सारख्याच आहेत. यांपैकी क्लोरीन ग्रामपंचायतीच्या हाती आहे आणि वाळूचे रक्षण गाव व शासन मिळून करू शकतात. नत्राचा निर्णय मात्र दर हंगामात शेतकऱ्याच्या बांधावर होतो. तेथे त्याच्याशी बोलणारी व्यक्ती बहुधा कृषी विस्तार कार्यकर्ताच असते. म्हणून पुढील हंगामात खताची शिफारस देताना त्या शेतापासून पिण्याची विहीर किती अंतरावर आहे, हा एक प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने अवश्य विचारावा आणि त्याचे उत्तर आपल्या दैनंदिनीत नोंदवावे.